खालचा सूर

सोफिया शहरातल्या स्टुडिओत आसेनने तीन महागडे मायक्रोफोन शेजारीशेजारी लावले. "मावशी, एकदाच गा. ज्यात तुमचा आवाज खुलेल, तो ठेवू."

त्स्वेतामावशी गायली, सवयीने शेजारी जागा सोडून. तिथे थोरली बहीण योर्दांका खालचा सूर धरून उभी राहायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

पहिल्या दोन मायक्रोफोनांत मावशी एकटीच होती. तिसऱ्यात तिच्या आवाजाखाली आणखी एक सूर लागलेला होता.

"हा बिघडलाय," आसेन म्हणाला. "काढतो."

"राहू दे रे. पुन्हा रेकॉर्ड कर."

या खेपेला मावशी गायलीच नाही, नुसती उभी राहिली. पहिल्या दोन्हींत काहीच उमटलं नाही. तिसऱ्यात खालचा सूर लांबत गेला, थरथरला, मग दम घ्यायला थांबला.

"त्स्वेते, मी एकटीनेच किती वेळ धरून ठेवू गं?"