तिसऱ्या ट्रॅकमधलं हसू

“पोरगं आवाजाला वळत न्हाय गं. येकदा दाखवून ये,” लोणी काळभोरच्या सासूबाई म्हणाल्या होत्या. उत्कर्षाने ते हसण्यावारी नेलं. ताप, डास, दुधाची बाटली, तिला सगळ्याची धास्ती. आठ महिन्यांच्या ऋषीच्या शांतपणाचा मात्र अभिमान. कुकरची शिट्टी होवो की फटाके फुटोत, हा आपला झोपलेला.

म्हणूनच तर वरच्या मजल्यावरच्या प्रेमलाकाकूंनी रेकॉर्डिंगला मायलेकांना बसू दिलं. हयातभर हॉटेलांत जॅझ पियानो वाजवून आता सत्तरी उलटल्यावर त्या स्वतःचा पहिला अल्बम करत होत्या. आधी काही ठरवायचं नाही, बोटं नेतील तिकडे जायचं. पंखे बंद झाले. रेकॉर्डिंगवाल्या सुदर्शनने हेडफोन चढवून खूण केली.

काकू वाजवू लागल्या. रोज छतातून झिरपणारा पियानो हा नव्हताच. तिच्या मांडीवर बसलेल्या ऋषीने पियानोच्या लाकडाला तळवा टेकला होता. सूर खाली खाली उतरले, पार खर्जात. ऋषी खदखदून हसला.

उत्कर्षा गोरीमोरी झाली. सुदर्शनने कपाळाला हात लावला. काकू थांबल्या नाहीत. वरचा सूर छेडला, ऋषी गप्प. खर्ज छेडला, पुन्हा हसू. मग डाव्या हाताने त्यांनी त्याचा तळवा लाकडावरून अलगद उचलला आणि उजव्याने तोच खर्ज वाजवला. ऋषी त्यांची अंगठी चोखत राहिला. त्यानंतर सूर हळू, मोठे, वर, मध्ये, असे भिरभिरत राहिले, अंधारात कुणी कडी चाचपावी तसे. असं वाजवणं उत्कर्षाने जन्मात ऐकलं नव्हतं.

शेवटचा सूर विरला.

“काकू, याच्यामुळे सगळं वाया गेलं का हो?”

“अगं, माझी हयात काटेचमच्यांच्या खणखणाटात गेली. हसण्याने काय बिघडतंय?” काकू स्वतः मात्र हसल्या नाहीत. “पण कोण ऐकतंय, कोण नाही, तेवढं चेहऱ्यावरून कळतं मला. हा ऐकत नाहीये, उत्कर्षा. लाकडातून हाताला लागतं, म्हणून हसतो. उद्याच कान दाखव.”

अल्बम आला. ऋषीच्या हसण्यासकट ठेवलेल्या या तिसऱ्या ट्रॅकवर जाणकार भरभरून लिहितात, या वयात बाई काय शोधत गेल्यात! काय शोधत होत्या, ते उत्कर्षाला माहीत आहे. कानामागे यंत्र लावलेला ऋषी आता वरच्या सुरालाही मान वळवतो.

तुमच्या ओळखीत आहे का असं एखादं गुणी, शांत बाळ? आज जाऊन त्याच्या पाठीमागे एक टाळी वाजवून बघाल?