प्रश्नानंतर थोडं थांबा

सुट्टीतलं प्रशिक्षण सक्तीचं होतं. "अहो मॅडम, तुमच्याच भल्यासाठी आहे," असं गोड बोलून प्राचार्यांनी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कंत्राटी बाईंना कॅमेऱ्यापुढे उभं केलं. बाईंनीही जीव ओतून वर्षभराचे सगळे तास रेकॉर्ड करून दिले. प्रशिक्षक एकच गोष्ट सारखी बजावत होता, "प्रश्न विचारलात की थोडं थांबा. मुलांना वाटलं पाहिजे, तुम्ही वर्गातच आहात."

कॉलेज उघडलं. बाई नेमणुकीचं विचारायला गेल्या, तर प्राचार्य मान वर न करताच म्हणाले, "यंदा रसायनाला माणूस लागणार नाही. सोय झालीये आमची."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तणतणत जिन्यापाशी येतात तो त्यांच्या वर्गातून त्यांचाच आवाज ऐकू आला. त्यांनी धाडकन दार ढकललं. वर्ग गच्च भरलेला, आणि पडद्यावर त्या स्वतः हसतमुखाने शिकवत होत्या.

"कुणाला काही शंका?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं आणि शिकवल्याप्रमाणे त्या थांबल्या.

"मला आहे!" बाई दारातून ओरडल्या. अख्खा वर्ग वळून बघायला लागला.

पडद्यावरच्या बाई गोड हसल्या. "कुणालाच नाही? छान. मग पुढे जाऊ या."