सातव्या कॅमेऱ्यातला माणूस

"मादी," हेझल म्हणाली. "शिंगं नाहीत."

"नोव्हेंबरचा फोटो आहे. नरांची तेव्हा गळायला लागतात," विल्फ डॉड म्हणाला. "शेपटीखालच्या पांढऱ्या डागाचा आकार बघ, त्यावरून कळतं."

"डाग झाडामागे आहे."

"मग 'अनिश्चित' लिही. अंदाज लिहायचा नाही."

"तू चर्चमध्ये बसलास तर पाद्र्यालासुद्धा 'देव : अनिश्चित' लिहायला लावशील," असं म्हणत हेझलने नोंद पुरी केली. प्रजाती : रो हरीण. संख्या : एक. लिंग : अनिश्चित.

उंचीसाठी विल्फने पडद्यावर बोट टेकवून काठीवरच्या रेघा मोजल्या. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर अशी एक उंच काठी होती, दर दहा सेंटिमीटरला पांढरी रेघ ओढलेली. काठ्या राल्फ चार्लटनने ठोकल्या होत्या. अठरा वर्षं तो आणि विल्फ मिळून प्राणी मोजण्याच्या प्रकल्पासाठी त्या रानात कॅमेरे लावत होते. एकोणीस दिवसांपूर्वी राल्फ नाहीसा झाला.

अकराच्या सुमाराला राल्फची बायको ग्लेंडा प्रकल्पाच्या खोलीवर आली. कोटावरून पाणी गळत होतं.

"ये. चहा ओतते," हेझल म्हणाली.

"नको गं. विल्फ, सात नंबरचं कार्ड आणलंस का?"

"काल आणलं. उघडलं नाही अजून."

"तोच ना, खाणीपलीकडच्या कुंपणापाशी आहे तो? बसच्या रस्त्याला जायचं तर तिथूनच जावं लागतं."

पोलिसांना ती पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती. शुक्रवारी सकाळी ती झोपेत असताना राल्फ पाठपिशवी घेऊन निघून गेला. पोलिसांना ते पटत नव्हतं. पाकीट घरी होतं, कुत्रीही घरीच होती.

"उद्या खाणीच्या तळ्यात पाणबुडे उतरवणार आहेत," ग्लेंडा म्हणाली. "मला ते बघायचं नाही, विल्फ. तो कुठेतरी जिवंत आहे, एवढं कळलं तरी पुरे."

माणसांचे फोटो न बघता पुसायचे, असा प्रकल्पाचा नियम होता. विल्फने तो कधी मोडला नव्हता. त्याने कार्ड संगणकात घातलं.

फोटो आठशेच्या वर होते. पहिल्यात कोल्हा. मग बॅजर, बिळात न्यायला तोंडात ओलं गवत. मग काठीवर बसलेलं रॉबिन पाखरू.

"पुढे घे ना," ग्लेंडा म्हणाली.

"घेतोय."

"विल्फ, प्रत्येकाची नोंद नको करूस आत्ता. शुक्रवारवर जा."

"मधलं सोडलं की चुका होतात."

"बाई, याच्या घराला आग लागली ना, तरी हा आधी ज्वाळा मोजेल," हेझल म्हणाली. कोणी हसलं नाही.

पंधरा तारखेच्या त्या शुक्रवारपर्यंत यायला पाऊण तास गेला. सव्वासात वाजता, उजाडताना, कॅमेऱ्याने लागोपाठ तीन फोटो काढले होते. तिन्हीत पाठमोरं माणूस, बसच्या रस्त्याकडे चाललेलं. मेणकापडाचा लांब तपकिरी कोट, डोक्यावर ओढलेली कोटाची टोपी, पाठीला हिरवी पिशवी. बाजूलाच काठी. पाऊस लागलेला.

ग्लेंडाने तोंडावर हात ठेवला.

"राल्फचा कोट," हेझल हळूच म्हणाली.

"पिशवीही त्याचीच. मी शिवलेला पट्टा आहे तिला." ग्लेंडा खुर्चीत बसली. "गेला. खरंच गेला तो."

"मेल्याने एक चिठ्ठी तरी ठेवून जायचं," हेझल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "एवढा ताडमाड गडी. या दारात दर वेळी डोकं आपटायचा आणि शिव्या आम्हांला. जाऊ दे. जिवंत आहे ना, मग आणू कान धरून."

विल्फ फोटोतल्या काठीकडे बघत होता.

हेझलने कॉन्स्टेबलला फोन लावला. बोलता बोलता तिने हाताने फोन झाकला. "तो म्हणतोय, हा राल्फच अशी विल्फने नोंद करून दिली तर तो वर कळवेल आणि उद्याचे पाणबुडे थांबवतील. तो निघालाय इकडे. दहा मिनिटांत येतो."

"थांबवू देत," ग्लेंडा म्हणाली. "एवढ्या थंडीत पोरांना उगाच पाण्यात कशाला उतरवायचं?"

हेझल आता सगळ्यांसाठीच चहा करायला आत गेली.

विल्फने तिन्ही फोटो पुन्हा पाहिले. पहिला मोठा केला. कोटाच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या होत्या. त्याने काठीवरच्या रेघा खालून वर मोजल्या. मग दुसऱ्या फोटोत मोजल्या. मग तिसऱ्यात. डोक्यापर्यंत तिन्ही वेळा सोळाच भरल्या.

"काय बघतोयस?" ग्लेंडाने विचारलं.

"काही नाही. सवय."

"त्याला तू माझ्याहून जास्त ओळखतोस. चालीवरून ओळखशील."

"हो."

"मग लिही ना, विल्फ."

ती उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिच्या ओल्या कोटाचा वास आला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता. विल्फने तो काढला नाही.

बाहेर गाडी थांबली. दार वाजलं.

"कॉन्स्टेबल आला," हेझल आतून म्हणाली. "झालं का?"

"झालंच," विल्फ म्हणाला आणि त्याने नोंदीची चौकट उघडली. प्रजाती : माणूस. संख्या : एक. तिसऱ्या रकान्यात नेहमीप्रमाणे 'अनिश्चित' आधीच आलेलं होतं. त्याने ते खोडलं आणि दोन बोटांनी, सावकाश लिहिलं : मादी.