पोरीच्या हातचं

"पोरीच्या हातचं रुखवत पायजे, इकतचं न्हाई चालायचं," असं ज्ञानेशच्या आईनं साखरपुड्यातच बजावलं होतं. इकडे वर्षाली लग्नाच्या खर्चासाठी चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम करून अर्धी झालेली.

तरी मांडवात रुखवत झकास सजलं. आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, लोकरीचं तुळशी वृंदावन, सुपारीचे नवरा-नवरी. सासूबाई एकेक वस्तू उचलून बायकांना दाखवत होत्या. "सुनंच्या हातात जादू हाय! न्हाईतर आमचा ग्यानेश. शर्टाचं बटन लावता येत न्हाई."

वर्षाली नवरदेवाच्या कानाशी लागली. "सांगू का आईंना?"

"नंतर सांग," ज्ञानेश कुजबुजला. "आधी माझी ही दोन बोटं सोडव. सकाळी बंगल्याचं छप्पर लावताना ग्लूनं चिकटलीत. मंगळसूत्र कसं बांधू?"