श्वासाचा पट्टा

“मानवाने अखेर श्वासावर विजय मिळवला आहे!” यंत्राच्या उद्घाटनात मंत्री म्हणाले आणि त्यांना असा ठसका लागला, की उरलेलं भाषण सचिवांनी वाचलं.

आज त्याच यंत्राचा पट्टा शर्वरीच्या छातीला बांधलेला होता. विषाणूने फुप्फुसं भरलेल्या तिच्या बाळाला नाकावरचा मऊ मास्क पट्टा बांधणाऱ्याच्या श्वासाच्या लयीत हवा देत होता. ती लय तुटली, की बाळ गुदमरायचं. त्याची जुळी बहीण सकाळीच गेली होती. शर्वरी संथ श्वास घेत बसली होती.

“पोरगी गेली अन् डोळ्यांत टिपूस नाही? दगड आहेस बाई!” नणंद कुजबुजली.

शर्वरीने एक श्वास पुरता घेतला, पुरता सोडला.

“वन्सं, दहा मिनिटं हा पट्टा तुम्ही बांधाल? मला रडून यायचंय.”