लाइन आली

साहेब, हिवरखेडात सरफराजचा कार्यक्रम तुम्ही वीजवाल्यांनी उधळला. लाइन चारला देतो म्हणालात आणि सोडली साडेपाचला! तोवर तो बिचारा मंडपात आपला लाल कीबोर्ड पुसत बसला. इतकी वर्षं लग्नांत दुसऱ्याचा वाजवला, स्वतःच्या कीबोर्डवरचा हा पहिलाच कार्यक्रम. गोल कोपरे, मोठाली पांढरी बटणं, दिसायला जुन्या सिनेमातल्या बाजासारखा.

"नवा हाये का जुना?" पुढच्या खुर्चीवरून खुशालरावांनी विचारलं.

"नवाच हाये काका, फक्त जुन्यावानी दिसते."

"मंग जुनाच घ्याचा ना बाप्पा, सस्त्यात पडला असता!"

मंडप खदाखदा हसला, तेवढ्यात लाइन आली. सरफराजनं पहिला सूर लावला आणि पुढचे सगळे बाप्ये ताडकन उठले. त्याला वाटलं, नाचायलाच उठले. ते धावले वावराकडं, विहिरीवरच्या मोटारी सुरू करायला. कपाशी सुकत होती आणि तुमच्या लाइनचा काय भरवसा!

रिकाम्या खुर्च्या पाहून सरफराजनं वायर काढायला हात घातला. मागं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या बायकांतून पार्वताबाई कडाडल्या, "काहून बंद करून राहिला रे? आमाले कान नाहीत का?"

बायका उठून खुर्च्यांवर आल्या. दुसऱ्या गाण्याला पार्वताबाईंनी पदर खोचला, तिसऱ्याला एकही खुर्ची भरलेली नव्हती. सगळ्या नाचत होत्या.

सरफराजला बायकांनी उद्याच्या कार्यक्रमासाठी गावातच ठेवून घेतलंय. आता सांगा साहेब, उद्या लाइन कवा सोडता?