ढील

पहाटे टेकडी सरकली, रस्त्याला हात जाईल एवढी भेग पडली, तरी घरोघरी नळाला पाणी होतं. फोरमनची इंजिनिअर लेक निर्धास्त होती. जमिनीखालची पाइपलाइन तिनंच मुद्दाम नागमोडी टाकली होती. बाबांनी आयुष्यभर दोरी ताणून सरळसोट लाइनी टाकलेल्या. “ही पाइपलाइन की मांजरानं विस्कटलेली लोकर?” असं त्यांनी चारचौघांत सुनावलेलं; तेव्हापासून बापलेकीत अबोला. आज तपासणीसाठी खड्डा खणला, तसे ते न बोलावता काठावर हजर! लाइन अखंड होती, पण जमिनीच्या ओढीनं तिची सगळी वळणं निघून गेली होती. बाबांनी खिशातली दोरी काढून पाइपवर ताणली. तंतोतंत सरळ. “झालं तुमच्या मनासारखं?” लेक हसली. “डोंबलाचं मनासारखं!” बाबा कडाडले. “ढील संपली हिची. पुढच्या धक्क्याला तुटेल. चल, पुन्हा वाकडी करू.” त्यांनी दोरी मातीवर नागमोडी पसरली.